हरणाऱ्याचा सत्कार

माझा नवरा एकशे चौदा कुस्त्या लढला आणि एकशे चौदा हरला. एक म्हणून बरोबरीत सुटली नाही. आता ते नाहीत, त्यांच्याबरोबर रिंगणात उतरणारेही एकेक करून गेले, म्हणून हे बोलते. नाहीतर जीव गेला असता तरी बोलले नसते. आणि माझ्या तोंडात तीळ भिजत नाही हे आमच्या सगळ्या लालमती गावाला ठाऊक आहे, तेव्हा यावरून काय ते ओळखा. नवऱ्याचं नाव मी घेत नसे, पण सांगताना 'हे' आणि 'ते' करत बसले तर तुमचाच गोंधळ होईल. तर सीताराम.

सोमवार ते शुक्रवार सीताराम मलेरिया खात्यात इन्स्पेक्टर होते. खाकी कपडे, सायकल, आणि दिवसभर लोकांच्या पाण्याच्या पिंपात वाकून डासांच्या अळ्या शोधायच्या. दर दुसऱ्या रविवारी मात्र पोर्ट लुईत कॅच. कॅच म्हणजे आमच्या मॉरिशसमधली दोऱ्यांच्या रिंगणातली कुस्ती. सन त्र्याहत्तरपासून सहा वर्षं तिचं नुसतं खूळ होतं, मग ते बंद पडलं. पोस्टरवर सीतारामांचं नाव असायचं 'काळा जल्लाद'. पंचाची पाठ वळली की समोरच्याच्या डोळ्यात बोटं घालायची, केस ओढायचे, आणि शेवटी गुडघ्यावर येऊन, हात जोडून मार खायचा. लोक खवळायचे. 'कापोन! कापोन!' ओरडायचे, म्हणजे भित्रा, भित्रा. संत्र्याची सालं फेकायचे. आणि सोमवारी सीताराम त्याच लोकांच्या अंगणात जाऊन म्हणायचे, "नमस्कार, पिंपावर झाकण ठेवत चला."

मला त्याचा ताप नव्हता असं नाही. एकदा बाजारात एका बाईने मला वांगी द्यायला नकार दिला. "तुझ्या नवऱ्याने काल आमच्या माणसाच्या डोळ्यात बोट घातलं," म्हणाली. मी म्हटलं, "मग तुमच्या माणसाने त्यांना उचलून आपटलं ना? फिटलं. दोन किलो दे." दिली मुकाट.

घरी येऊन मी त्यांची पाठ शेकायची. मिठाची पुरचुंडी तव्यावर गरम करून कमरेला लावायची आणि म्हणायची, "अहो, एकदा तरी जिंका हो. एकदा." ते म्हणायचे, "बघू पुढच्या वेळी." बस्स, एवढंच. एवढा उंचापुरा माणूस, अंगात ताकद नाही बिचाऱ्याच्या, पण हौस आहे, असं मी मनाशी धरून चालले होते. पंधरा वर्षं मी या माणसाची कीव केली. लाज वाटते, पण खरं आहे ते खरं.

अठ्ठ्याऐंशी साली त्यांची कंबर गेली. बसची पायरी चढता येईना. खुब्याचं हाड झिजलंय, ऑपरेशन इथे होणार नाही, बाहेर जावं लागेल, असं डॉक्टर म्हणाला. तेव्हा आमच्या मराठी मंडळाने त्यांच्यासाठी मदतीचा खेळ करायचं ठरवलं. मंडळाचा अध्यक्ष प्रेमचंद, म्हणजे माझा थोरला भाऊ. माणूस मनाचा चांगला, पण मेहुण्याची टर उडवल्याशिवाय त्याला अन्न पचत नसे. आणि खेळ तरी कसला मिळाला? शेजारचा कृष्णदेव बंदरात, जपानी मासेमारी बोटींच्या एजंटाकडे कामाला होता. खलाशांशी बोलून बोलून जपानी शिकलेला पोरगा, तिशीचा असेल. त्याला कळलं की शेजारच्या रेयुनियों बेटावर निघालेली सहा जपानी पैलवानांची टोळी चार दिवस पोर्ट लुईत थांबणार आहे. त्याने जाऊन विचारलं. त्यांचा म्होरक्या हागिवारा एका झटक्यात हो म्हणाला. का, ते मला नंतर कळलं. पैलवानासाठी खेळ आहे म्हटल्यावर त्याला दुसरं काही विचारायचंच नव्हतं.

ही टोळी नव्या पद्धतीची होती. मुखवटे नाहीत, दोऱ्यांवरून उड्या नाहीत, केस ओढणं नाही. साधी चड्डी, नडग्यांना पट्टे. खऱ्या लाथा, खरे डाव, आणि हात किंवा पाय असा पिरगाळायचा की समोरच्याने जमिनीवर हात आपटून 'सोड' म्हणावं. प्रेमचंददादाने पोस्टर छापलं: 'खरी कुस्ती! नाटक नाही! इथली जुनी सर्कस विसरा!' आणि खाली बारीक अक्षरात, 'श्री. सीताराम यांच्या मदतीसाठी'.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "दादा, ज्याच्यासाठी खेळ त्याच्याच थोबाडीत? लाज नाही वाटली?"

"अगं कुंते, खरं तेच लिहिलं. भावोजींना राग नाही, तुलाच मिरच्या झोंबतात."

सीतारामांनी पोस्टर हातात घेऊन लांब धरलं, जवळ धरलं. म्हणाले, "छपाई चांगली आहे."

शनिवारी सगळी टोळी आमच्याकडे जेवायला होती. आमच्यात पाहुणा म्हणजे केळीच्या पानावर सात भाज्या, त्याशिवाय सुटका नाही. कोवळ्या फणसाची भाजी पाहून त्यांना वाटलं मटण आहे, तीन तीन वेळा मागून घेतलं. हागिवारा चाळिशीचा, मान जाड, कान चुरगळलेल्या पुरीसारखे. जेवताना तो सारखा सीतारामांकडे बघत होता. काठीवर भार देऊन ते खुर्चीत कसे बसतात, ते बघत होता. जेवण झाल्यावर कृष्णदेवामार्फत म्हणाला, "उद्या सत्कार झाल्यावर आपण दोघं रिंगणात एक डाव धरू. बसल्याबसल्या. माझा मान होईल." सीतारामांच्या चेहऱ्यावर नऊ वर्षांनी रंग आला. "बसल्याबसल्या चालेल," म्हणाले.

रविवारी खेळ दुपारी दोनला होता. सकाळी मी कृष्णदेवाच्या व्हॅनमधून पैलवानांचा डबा घेऊन पोर्ट लुईला गेले. हॉल रिकामा. आतून आवाज आला म्हणून दार किलकिलं करून बघते तर रिंगणात हागिवारा आणि त्याचा जोडीदार. हागिवाराने हात पुढे केला, जोडीदाराने तो धरून पिरगाळला, दोघं खाली आले, हागिवारा वळला, पाय मानेवर टाकला, जोडीदाराने जमिनीवर हात आपटला. उठले, काहीतरी बोलले, हसले. परत पहिल्यापासून. तोच हात, तीच गिरकी, तोच पाय. तिसऱ्यांदा परत तेच.

मी डबा खाली ठेवला.

म्हणजे हे सगळं ठरलेलं! 'खरी कुस्ती, नाटक नाही' म्हणणारेही सकाळी तालीम करतात! आयो, आणि मग आमचे? एकशे चौदा वेळा? मी दारातच आठवत सुटले. एकशे चौदा कुस्त्यांत समोरच्या एका माणसाचा दात पडला नव्हता, कुणाचं बोट मोडलं नव्हतं. डोळ्यात बोटं घातलेली माणसं सोमवारी चष्म्याशिवाय कामावर होती. आणि कॅच भरवणारा मुकादम दर दुसऱ्या रविवारी गाडी पाठवून यांनाच का बोलवायचा? ज्याच्या अंगात जोर नाही, त्याला सहा वर्षं कोण बोलावतं? एवढ्या मोठ्या माणसांना अंगावर घेऊन, त्यांना न दुखवता, स्वतः रिंगणाच्या फळीवर पडायचं. ते यांना जमत होतं आणि दुसऱ्या कुणाला जमत नव्हतं. कंबर त्यातच गेली. आणि मी बावळट मिठाच्या पुरचुंड्या शेकत म्हणत होते, बिचारा!

आधी मला राग आला. बायकोपासून लपवलं! घरातलं मीठ संपलं तरी मी या माणसाला सांगते, आणि यांनी एवढी मोठी गोष्ट पोटात ठेवली. मग डोळ्यांत पाणी आलं. मग परत राग आला, आणि त्या रागात मी ठरवलं की आज हे जिंकणार. सगळ्या गावासमोर, दादासमोर, त्या वांगीवालीसमोर.

कृष्णदेवाला हाताला धरून आत नेलं. "यांना सांग, दुपारच्या डावात माझा नवरा जिंकला पाहिजे."

तो घाबरला. "मावशी, असं विचारत नाहीत."

"तू फक्त भाषांतर कर. शहाणपणा करू नकोस."

त्याने भाषांतर केलं. हागिवाराचा चेहरा दगड झाला. "म्हणतो, आमच्यात काही ठरलेलं नसतं," कृष्णदेव म्हणाला.

"त्याला म्हण, मी दारात अर्धा तास उभी होते. तिसऱ्या वेळी तुझ्या जोडीदाराने हात जरा आधीच आपटला."

हागिवारा रिंगणाच्या कडेला बसला आणि डोकं खाजवून हसायला लागला. मी त्याला समजावलं. आमच्यात सत्कार म्हणजे काय? शाल, नारळ, दोन चांगले शब्द. त्या दिवशी त्या माणसाला कोणी खाली बघायला लावत नाही. सत्कारमूर्तीला रिकाम्या हाताने घरी पाठवलं तर ते पाप आमच्या माथी. शाल मंडळ देईल, नारळ मंडळ देईल. जिंकणं तेवढं तू दे.

तो विचार करून म्हणाला, "त्यांना विचारलंत?"

"नाही. विचारलं तर नाही म्हणतील."

तेव्हा त्याने मान खाली घातली. हो म्हणायची त्यांची रीत, असं कृष्णदेव म्हणाला. मी खूश. आयुष्यात पहिल्यांदा मी कुस्ती ठरवली होती, आणि काय अवघड आहे त्यात, असं मला वाटलं.

दुपारी हॉल खच्चून भरला. माएबूर्गहून कोळी आले, फ्लाकहून दोन बसगाड्या भरून आल्या. पहिल्या जोडीचा खेळ सुरू झाला आणि लोक वैतागले. दोन माणसं एकमेकांच्या पायात पाय अडकवून पडली आहेत, पाच मिनिटं झाली, काही होत नाही. "झोपले काय?" मागून कोणीतरी ओरडलं. मग एक लाथ बसली. फाट्! त्यानंतर कोणी ओरडलं नाही. हागिवाराची कुस्ती लागली तेव्हा काय होणार ते मला सगळं पाठ होतं, हात, गिरकी, पाय, तरी मी खुर्चीच्या कडेला सरकले. सीताराम माझ्या शेजारी बसले होते. बाकी सगळे पैलवानांची तोंडं बघत होते आणि हे पावलं बघत होते. एकदाच हळूच "वा" म्हणाले.

दादाने मागून त्यांच्या खांद्यावर थाप मारली. "बघा भावोजी, याला म्हणतात कुस्ती!"

"हो ना," सीताराम म्हणाले.

मी मनात म्हटलं, थांब दादा, थांब जरा.

मग सत्कार. चौघांनी धरून सीतारामांना रिंगणात चढवलं. शाल झाली, नारळ झाला. दादाने भाषण ठोकलं. "आमचे भावोजी म्हणजे पडलो तरी नाक वर! एकशे चौदा वेळा आपटले, पण रविवार चुकवला नाही." लोक हसले. सीतारामही हसले. मला मात्र दादाची मुंडी पिरगाळावीशी वाटत होती. मी वर हागिवाराकडे बघितलं, त्याने माझ्याकडे बघून एवढीशी मान हलवली.

दोघं समोरासमोर बसले. सीतारामांनी शाल काढून घडी घातली, काठी पंचाच्या हातात दिली, हागिवाराला नमस्कार केला. हागिवाराने डावा हात पुढे केला. सीतारामांनी मनगट धरलं आणि वळवलं. बघता बघता तो मोठा माणूस कुशीवर आला. हॉल उठून उभा राहिला. म्हातारा जिंकतोय! काळा जल्लाद जिंकतोय! दादाचं तोंड उघडंच राहिलं. मी खुर्चीवर चढले. खरंच चढले, साडी सावरत. हागिवाराने दात ओठ खाल्ले आणि उजवा हात वर केला, जमिनीवर आपटायला. एवढंच राहिलं होतं. हात खाली आला की झालं.

तेव्हा सीतारामांचा कोपर घसरला.

घसरला म्हणजे लोकांना तसं दिसलं. मी सकाळीच डोळे उघडून बसले होते, म्हणून मला दिसलं. त्यांनी मनगट सोडलं, आणि हागिवारा गोंधळून थांबला तर त्याचाच दंड धरून यांनी स्वतःच्या गळ्याभोवती ओढून घेतला. मग मागे पडले. काय पडले! डोळे बाहेर, चेहरा लाल, एक हात हवेत, चांगला पाय फडफडतोय, दुखरा पाय मात्र अलगद, जागच्या जागी. पंचाकडे हात जोडले. पंच वाकला तर त्याच्या पाठीआडून हागिवाराच्या डोळ्यात बोट घालायला गेले! हॉलचं छप्पर उडायचं बाकी होतं. आणि मग तीनदा फळीवर हात आपटला.

लोकांनी अशा शिव्या घातल्या, अशा शिव्या घातल्या! माझ्या पुढे एक म्हातारा कोळी उभा होता. तो बोंब मारत होता, आणि त्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं. नऊ वर्षं साठवून ठेवलेलं सगळं ओरडून घेत होता. बायका हसून हसून एकमेकींवर कोसळत होत्या. ही एवढी माणसं कमरेच्या हाडासाठी आली नव्हती, आणि जपान्यांसाठी तर नाहीच नाही. त्यांना त्यांचा जल्लाद परत एकदा पडलेला बघायचा होता. सीतारामांना हे माहीत होतं. मला नव्हतं. मी त्यांना जिंकवायला निघाले होते. खुर्चीवरून खाली उतरले आणि मला कळलं की मी या माणसाला आज काय करायला लावणार होते.

आत खोलीत गेले तेव्हा सीताराम बाकावर टेकून बसले होते. घाम, धाप, आणि तोंडावर पंचवीस वर्षांच्या पोराचं तेज. हागिवारा समोर गुडघे टेकून जमिनीला कपाळ लावून बसला होता. काहीतरी म्हणाला.

कृष्णदेव म्हणाला, "काका, तो म्हणतो, माझा हात तुमच्या गळ्याला लागलासुद्धा नव्हता."

"त्याला म्हणावं, गप्प बस," सीताराम म्हणाले, आणि दाराकडे बघितलं.

दारात दादा होता. डोळे पुसत, हसत, आत आला. "काय भावोजी! हातातोंडाशी आलेला घास! अहो, आज तरी! सत्काराच्या दिवशी तरी! कुंते, तुझ्या नवऱ्याच्या नशिबात जिंकणं नाही म्हणजे नाही. जपानी तर खरे पैलवान, तिथे जल्लादाचं काय चालणार?"

सगळं माझ्या जिभेवर आलं. सकाळची तालीम, तिसऱ्या वेळचा हात, ठरवलेला डाव, सोडलेलं मनगट. एका दमात सांगितलं असतं तर दादाची बोलती जन्माची बंद झाली असती. मी तोंड उघडलं. आणि माझी नजर सीतारामांवर गेली.

हा माणूस एकशे चौदा वेळा माणसांच्या अंगाखाली गेला, पण घाबरलेला मी त्याला कधी पाहिला नव्हता. तेव्हा पाहिला. ते माझ्या तोंडाकडे बघत होते.

"दादा," मी म्हटलं, "समोरचा भारी होता. हरले. होतं कधी कधी. तू आधी पाणी आण त्यांना."

दादा पाणी आणायला गेला. कृष्णदेवाने हागिवाराला उठवलं आणि बाहेर नेलं. खोलीत आम्ही दोघंच उरलो. बाहेर लोक अजून ओरडत होते.

"कुंती," सीताराम म्हणाले, "तुला काय काय माहीत आहे?"

"कशातलं?" मी म्हटलं, आणि त्यांच्या बुटांच्या नाड्या सोडायला खाली बसले.